सात नंबरच्या बराकीचा मिस्त्री

सोमाजी मिस्त्रींनी आयुष्यात एकच भिंत वाईट बांधली, आणि तिच्या आडोशाला संसार मांडायचा कागद ज्याच्या हातात पडला तो माणूस मी. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्या भिंतीपासून सुरुवात करणं बरं नाही. चांगल्या भिंती त्यांनी किती उभ्या केल्या याची मोजदाद त्यांना स्वतःलाही नव्हती. तेव्हा आधी विटांचं सांगतो.

लढाईच्या काळात बल्लारपूरच्या पुढं, सागाच्या रानात, मिलिटरीनं कॅम्प वसवला होता. लढाई संपली, पलटणी गेल्या आणि बराकी तशाच उभ्या राहिल्या. मी तिथं गेलो ती पन्नास सालानंतरची पहिली पहिली वर्षं. जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. बराकींची घरं करायचं काम जोरात चाललं होतं. एकेका लांबलचक बराकीत आडव्या भिंती घालून सहा सहा बिऱ्हाडं काढायची, पत्रे उतरवून कौलं चढवायची, पुढं ओसरी, मागं मोरी. कवायतीच्या मैदानावर शाळा आणि बाजार होणार, असं कागदावर होतं. कागदावर वसाहतीला चांगलं नावही दिलं होतं, पण राहायला आलेली माणसं 'कॅम्पात राहतो' असंच सांगत.

मी देवगडकडचा. पाचवीत शाळा सुटली, मग भाताच्या गिरणीत इंजिनावर हात काळे केले, आणि कुणाच्या तरी ओळखीनं इतक्या लांब येऊन कॅम्पाच्या विहिरीवर पंपवाला झालो. नोकरी मिळाल्याचा आनंद एक आणा आणि ती जाईल याची भीती पंधरा आणे, असं माझं तेव्हा होतं. बायको आणि दोन वर्षांची मुलगी गावी. घर मिळालं की त्यांना आणायचं, एवढंच डोक्यात. तोवर मी पंपाच्या खोलीतच, इंजिनाच्या शेजारी अंथरूण टाकत असे.

पंपाखाली एक लांब हौद होता. मिलिटरीनं खेचरांना पाणी पाजायला बांधलेला. त्यात आता मिस्त्रींच्या विटा भिजत. एकदा कामावरच्या बायकांची, तिकडं त्यांना रेजा म्हणतात, विटांसाठी घाई चालली होती. मी उपकार केल्यासारखा पुढं झालो आणि हौदातल्या विटा भराभर काढून त्यांच्या घमेल्यांत टाकल्या. थोड्या वेळानं त्या सगळ्या विटा परत आल्या, आणि त्यांच्या मागून सोमाजी मिस्त्री.

"कोनं काढल्या?"

"मी काढल्या."

"बोलत होत्या का चूप होत्या?"

मला कळेना. त्यांनी एक वीट पाण्यात सोडली आणि माझी मान धरून हौदावर वाकवली. विटेतून बारीक बुडबुडे येत होते, कढी उकळावी तसा आवाज.

"आइकलं? बोलून राह्यली ना? बोलते ईट लावाची नाई बाप्पा. तिची तहान भागली नाई अजून. अशी भिंतीत गेली का सिमीटच्या मालातलं पानी पिऊन टाकते, मंग माल मरते. चूप झाली का लावाची." मग मान सोडून म्हणाले, "मानसाचं उलटं हाय. चूप मानसाले लवकर कामाले लावाचं नाई."

मी तेव्हा हसलो. ते हसले नाहीत.

किडकिडीत काळा माणूस. नखांच्या कडांना चुना कायमचा. ओळंबा धरून धरून डावा डोळा मिटायची सवय इतकी जडली होती की कुणाशी बोलतानाही तो डोळा मिटलेलाच. समोरचा माणूस सरळ उभा आहे की कलला आहे हे तपासताहेत असं वाटे, आणि माझ्यासारखा भित्रा माणूस आपोआप सरळ उभा राही. मूळचे ब्रह्मपुरीकडचे, वैनगंगेच्या काठचे ढीवर. भाऊ अजून तलावात जाळी टाकत. हे एकटेच गवंडी झाले, म्हणून गावात त्यांची थट्टा चाले, की सोमाजी मासोळ्या सोडून इटा धराले गेला. पण भिंतीला लावायची त्यांची दोरी जाळ्याच्या सुताची असे, त्यांनी स्वतः वळलेली. विकतची दोरी त्यांनी कधी वापरली नाही. "बाजारातली दोरी ढिली पडते आन मंग भिंत पोटुशी दिसते," असं म्हणत.

मी समुद्राकाठचा आहे हे कळल्यावर दुपारच्या जेवणाला ते पंपाशी येऊ लागले. आम्ही दोघंही भात-मासेवाले, आणि आजूबाजूला कामावर भाकरवाल्यांची संख्या जास्त.

"समुद्रातल्या मासोळीले मीठ टाका लागते काय रे?"

"टाकावं लागतं की."

"काऊन? सारा जनम खाऱ्या पान्यात काढते ना ते?"

"तरी लागतं, भाऊ."

"मंग तिनं तिथी राहून केलं काय?" आणि मान हलवत घास घेत. समुद्राबद्दल त्यांचं मत त्या दिवसापासून जे खाली आलं ते आलंच.

पण हा माणूस खरा कळायचा तो त्यांच्या बिडीमुळे. सोमाजीभाऊ बिडी ओढत नसत, तरी कोपरीच्या खिशात बिडीचं बंडल कायम. बराकीत नव्या घराची आखणी करायची वेळ आली की ते रिकाम्या जागेत उकिडवे बसत, बिडी पेटवत आणि जमिनीजवळ धरत. धूर कुठं जातो ते बघायचं. धूर वर चढला, रेंगाळला, एखाद्या बाजूला वळला, की तिथं गेरूनं खूण. खिडकी तिथं. मग दोन हात सरकून दुसरी बिडी. कधी बिऱ्हाड करणारी बाई आधीच आलेली असे. तिला बोलावून विचारत, "बाई, तू रांधताना तोंड कुठी करते?" सिरोंच्याकडची एक तेलुगू बोलणारी बाई होती. तिला यांचं मराठी कळेना, यांना तिची तेलुगू. शेवटी दोघंही समोरासमोर उकिडवी बसली आणि हवेतल्या हवेत भात ढवळू लागली. बराकीतल्या रेजा पोट धरून हसल्या, पण त्या बाईच्या घरात धूर कोंडला नाही.

ओव्हरसियरसाहेब नागपूरचे. तरुण, शिकलेले, स्वभावानं वाईट नव्हेत, पण नकाशावर त्यांचा फार जीव.

"मिस्त्री, स्वयंपाकघर नकाशात दाखवलंय ना? मग तुझं हे काय चाललंय?"

"दाखवलं हाय जी. पन धुरानं नकाशा पाह्यला नाई अजून."

"अरे, इथं पलटणी राहून गेल्या. कुणी तक्रार केली नाही."

"शिपाई जेवाले येते जी, रांधाले नाई," मिस्त्री म्हणाले. "म्हनून ते बराक होते. आता घर करून राह्यलो आपन."

साहेबांनी नकाशा गुंडाळला आणि "कर बाबा" म्हणून निघून गेले. असं कितीदा तरी झालं. मी तर म्हणेन, त्या कॅम्पाची वसाहत कागदानं झाली नाही, त्या न ओढलेल्या बिड्यांनी झाली.

असा हा माणूस सात नंबरच्या बराकीकडे मात्र फिरकत नव्हता.

एक ते सहा झाल्या. मग त्यांनी आठ घेतली, नऊ घेतली. सातच्या टोकाची भिंत अख्ख्या कॅम्पात देखणी. गिलावा असा घोटलेला की हात लावला तर काच. ओव्हरसियरसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मुद्दाम दाखवत. "हे बघा, मिलिटरीचं काम! असं काम आता कोण करतो?" तेव्हा मिस्त्री हटकून खाली वाकून घमेल्यात काहीतरी शोधत असत.

मला हे पुढं कळलं, पण इथंच सांगून टाकतो. लढाईच्या दिवसांत हा कॅम्प उभारायला जे गवंडी होते त्यांत सोमाजीही होते. शेवटी शेवटी सिमेंट संपत आलं. ठेकेदार म्हणाला, दोन वर्षं टिकली म्हणजे झालं, मिलिटरी काय जन्मभर राहणार आहे? मग ती भिंत विटा मातीत बसवून चढवली, आणि वरून बोटभर सिमेंटचा गिलावा. भिंत सोमाजींच्या हाताखालची होती. आतलं झाकायचं म्हणून त्यांनी गिलावा जीव ओतून घोटला, म्हणून ती इतकी सुंदर. पुढं ठेकेदार मेला, बाकीचे गवंडी पांगले, आणि नशिबाचा खेळ असा की तोच कॅम्प घरांसाठी घेतला तेव्हा मिस्त्री म्हणून सोमाजीच नेमले गेले. पत्र्याखाली ती भिंत तग धरून होती. तिच्यावर कौलांचा भार येणार होता आणि तिच्यातून खिडकी फोडायची होती. तेवढं ती सोसणार नाही हे त्यांना माहीत होतं. सांगावं तर हातातली थापी गेली, आणि वर सरकारला फसवल्याचा आळ. न सांगावं तर आत माणसं झोपणार.

म्हणून ते तिसरी वाट शोधत होते, की खरं न सांगता ती भिंत पाडता येते का.

पहिल्यांदा म्हणाले, भिंतीत घोणस हाय. साहेबांनी साप धरणारा आणवला. त्यानं सगळी बराक हुंगली आणि गंजलेला एक डबा तेवढा काढून दाखवला. मग पंधरा दिवसांनी भूत निघालं. गोऱ्या शिपायाचं. भिंतीतून पाणी मागतं म्हणे.

साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "कुठल्या भाषेत मागतो?"

मिस्त्री गडबडले. "हिंदीत, जी."

"गोरा असून हिंदीत?"

"इथी राहून शिकला असन."

सगळे खदखदले. साहेबांनी भुताचा निकाल लावायचा म्हणून भर दुपारी तिथं खाट टाकली आणि डोकं त्याच भिंतीकडे करून चांगली झोप काढली. ते झोपले तेवढा सगळा वेळ सोमाजीभाऊ बाहेर उन्हात उभे. चांद्याचं उन्हाळ्याचं ऊन काय असतं ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. रेजा ओरडत होत्या, "भाऊ, सावलीत या ना, भेजा वितळन!" ते हलले नाहीत. आम्हाला वाटलं, म्हातारा खरंच भुताला भितो.

सातच्या टोकाचं घर माझ्या नावावर झालं होतं. पंपाला सर्वांत जवळचं म्हणून. बायकोचं पत्र आलं, भावाबरोबर निघते, अमुक दिवशी पोचते. मी पत्र तीनदा वाचलं आणि माझं धाबं दणाणलं. इंजिनाच्या धुरात एवढ्याशा पोरीला कुठं ठेवू? मिस्त्रींच्या मागं लागलो. "करतो ना बाप्पा," म्हणत आणि दहा नंबरकडे निघून जात. शेवटी मला राग आला. भित्र्या माणसाचा राग नेहमी साहेबाच्या दारात जातो. मी जाऊन सांगितलं, मिस्त्री सात नंबर मुद्दाम लांबवताहेत.

साहेबांनाही कंटाळा आला होता. म्हणाले, "उद्या सकाळी त्या भिंतीत खिडकी फोडायची. सोमाजीला जमत नसेल तर नागोला मिस्त्री करू." नागो म्हणजे मिस्त्रींच्याच हाताखाली शिकलेला गवंडी.

संध्याकाळी सोमाजीभाऊ थापी धुवायला पंपावर आले.

"साहेबाले तू सांगतलं काय?"

खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. "हो, भाऊ. बायको येतेय."

"पोरगी बी?"

"हो."

"केवढी हाय?"

"दोन वर्षांची."

"निजते कुठी? भिंतीकडं?"

"तिची आई भिंतीकडेच निजवते तिला. पडू नये म्हणून."

ते थापी धूत राहिले. थापी केव्हाच स्वच्छ झाली होती. मग पाणी झटकून म्हणाले, "बरं केलं सांगतलं तं." आणि गेले. मला वाटलं, टोमणा मारला. रात्रभर तो टोमणा म्हणूनच कानात राहिला.

सकाळी नागो छिन्नी-हातोडा घेऊन आला. साहेब नकाशासकट हजर. मीही पंप सोडून गेलो होतो. सोमाजीभाऊ भिंतीला पाठ लावून उभे.

"थांब नागो. साहेब, हे भिंत मिलिटरीची नाई."

"मग कुणाची?"

"माही हाय."

"म्हणजे? जागेवर हक्क सांगतोस काय?"

"नाई जी. मी बांधली. इच्यात सिमीट नाई. माती हाय." त्यांनी वळून थापीचं टोक गिलाव्यात घुसवलं आणि उचकटलं. पापडासारखा तुकडा निघाला. आतली माती त्यांनी मुठीत घेतली आणि साहेबांच्या तळव्यावर ठेवली. साहेब हातातल्या मातीकडे बघत राहिले. सगळ्या पाहुण्यांना दाखवलेली भिंत.

"आणि मी इतके दिवस हिची तारीफ करतोय."

"हो जी. मले झोंबे. पन बोललो नाई."

"आणि तो साप? ते भूत?"

"साप नाई, भूत नाई जी," सोमाजीभाऊ म्हणाले. "मीच होतो."

कुणी हसलं नाही. नागोनं हातोडा जमिनीवर ठेवला, आवाज न करता. साहेबांनी तळव्यावरची माती खाली झटकली. मग म्हणाले, "मिस्त्री म्हणून आता मला तुला ठेवता येणार नाही. ही भिंत तूच पाडायची आणि तूच बांधायची, साध्या गवंड्याच्या रोजावर. वरच्यांना काय लिहायचं ते मी बघतो. भिंत झाली की तू जा." आज वाटतं, त्या वयात त्या माणसानं केलं ते पुष्कळ केलं.

भिंत पाडायला अर्धा दिवसही लागला नाही. वरच्या दोन थरांना हात लावला आणि मधला सगळा भाग धान्याचं पोतं बसावं तसा खाली बसला. नुसती धूळ. एक रेजा तोंडावर पदर धरून म्हणाली, "बाई वं! आपन इच्या सावलीत जेवत होतो!" मला माझ्या पोरीचं अंथरूण डोळ्यापुढं दिसलं. मी पंपाच्या खोलीत जाऊन बसलो.

चार दिवसांनी बायको आली तेव्हा घराला तीन भिंती आणि चौथीच्या जागी बांबूचा तट्टा. ट्रंक खाली ठेवून तिनं इकडंतिकडं पाहिलं. "आणि भित खंय?"

सोमाजीभाऊ बाहेरून म्हणाले, "येऊन राह्यली बाई. घाई केली तं मंग पाप लागते." तिला बोलणं अर्धं कळलं, पण ती हसली. तेव्हापासून रोज दुपारी त्यांच्यासाठी एक वाटी भात जास्त. मुलगी तट्ट्याच्या फटीतून बोटं बाहेर काढी, आणि हे पलीकडून त्या बोटांवर ओल्या मातीचा ठिपका ठेवत. ती किंचाळून बोटं आत घेई, पुन्हा बाहेर काढी. अर्धं काम त्यांचं असं चाले.

मिस्त्री आता नागो. पण त्याच्या तोंडून हुकूम निघेना. लांबून काहीतरी पुटपुटे. एकदा सोमाजीभाऊच खेकसले, "मिस्त्री हायस ना तू? मंग मोठ्यानं बोल! ओळंबा लाव, चुकलं तं काढाले सांग." नागोनं ओळंबा लावला, घसा साफ केला आणि ओरडला, "तिसऱ्या थराची कोपऱ्यातली ईट काढा!" त्या विटेत काही दोष होता असं मला दिसलं नाही. सोमाजीभाऊंनी ती मुकाट्यानं काढली, पुसली आणि पुन्हा बसवली. "आता?" "आता बरोबर हाय, भाऊ." "भाऊ नको म्हनू कामावर," ते म्हणाले.

भिंत पुरी व्हायला पंधरवडा लागला. खिडकी आली, कौलं चढली. नागपूरहून कोणी मोठे अधिकारी वसाहत बघायला आले आणि ओव्हरसियरसाहेबांबरोबर माझ्या दारात थांबले. काठीनं भिंत ठोकून म्हणाले, "हे काम चांगलं आहे. मिस्त्री कोण?"

नागोनं मागं वळून पाहिलं. सोमाजीभाऊ हौदाशी घमेलं घासत बसले होते. त्यांनी हनुवटीनंच खूण केली, पुढं हो. नागो पुढं झाला. अधिकाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली. ओव्हरसियरसाहेब नकाशात बघत होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण माझ्यामागं नवं घर होतं, दारात बायको होती, आणि मोठ्या साहेबापुढं मी बोललो नाही.

ते गेल्यावर मी हौदाशी गेलो. "भाऊ, मी सांगायला पाहिजे होतं."

"काय सांगतलं असतं?"

"की भिंत तुमची आहे म्हणून."

"वाईट होती तवा सांगा लागत होतं, कोनाची हाय ते," ते म्हणाले. "ते सांगून झालं. हे चांगली हाय. चांगली भिंत कोनाची बी चालते."

थापी त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळली. बायकोनं थांबवून चहा दिला, तो उभ्यानं प्याले. मुलीनं खिडकीतून हात बाहेर काढला होता. तिच्या बोटावर ठेवायला ओली माती आता नव्हती, म्हणून नुसतंच बोट टेकवलं. स्टेशनची वाट पुढून जवळची होती. ते मागून निघाले, भिंतीच्या कडेनं, उजवा तळवा भिंतीला लावून, हळूहळू चालत. कोपरा आला, भिंत संपली. हात तसाच दोन पावलं हवेत राहिला. मग खाली आला, आणि ते सागाच्या झाडांत शिरले.